जावाच्या क्लासला १९ दिवस झाले, पाटी अजून कोरीच. दुसरा हप्ता भरू का परत जाऊ?

मुनीम_मानवतकर

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, पोस्ट लांब आहे. जेवण करून वाचा.

मी मानवतचा, जिल्हा परभणी. वय २९, बी.कॉम., एमएस-सीआयटी झालेलं. सहा वर्षं मोंढ्यात एका आडत दुकानावर टॅलीवर, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरवर होतो. नावानं कुणी हाक मारत नव्हतं, सगळ्यांचा मुनीमच. हंगामात सकाळी नऊला बसलो की शेवटचा शेतकरी हिशोबपट्टी घेऊन गाडीत बसेपर्यंत उठायचं नाही, मग रात्रीचे अकरा का होईनात.

दोन वर्षांमागं मालकाच्या पोरानं नवं सॉफ्टवेअर आणलं. ते बसवायला संभाजीनगरहून एक पोरगा आला, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. दोन तास बसला, दोनदा चहा प्याला आणि माझा अर्ध्या महिन्याचा पगार होईल एवढे पैसे घेऊन गेला. त्या सॉफ्टवेअरनं माझं काम निम्म्यावर आणलं. मग पुढच्या दिवाळीला मालकांनी पगाराचंही तसंच काहीतरी बोलून दाखवलं. माणूस वाईट नाही. त्यांच्या जागी मी असतो तरी तेच बोललो असतो. पण तेव्हाच डोक्यात बसलं की आता पट्टी नाही लिहायची, पट्टी लिहिणारं यंत्र लिहायचं.

पोळा झाला आणि मानवत रोडवरून गाडी धरून इकडं संभाजीनगरला आलो. टीव्ही सेंटरजवळ कॉट बेसिसवर राहायलो. खोलीत आणखी तिघं, तिघंही एमपीएससीवाले. पहाटे चारला उठून राज्यघटना मोठ्यानं वाचतात. मला आता मूलभूत कर्तव्यं पाठ झालीत, जावा नाही.

इन्स्टिट्यूटचं नाव घेत नाही, त्यांचा काही दोष आहे का तेच मला कळेना. जावा ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकवणारा सहा महिन्यांचा कोर्स, फी ४५ हजार, तीन हप्ते. पहिले १५ हजार भरले. त्यातले दहा माझ्या शिलकीतले, पाच मायनं दिले. कुठून दिले विचारलं नाही, आणि हातात पाटल्या दिसत नाहीत हे बघितलं. दुसरा हप्ता ५ तारखेला आहे.

बॅचमध्ये आम्ही २८ जण आणि लॅबमध्ये कॉम्प्युटर १६. सकाळी आठला पोहोचला तर खुर्ची, सव्वाआठला पोहोचला तर दुसऱ्याच्या खांद्यावरून बघायचं. पहिल्या दिवशी सरांनी सगळ्यांना उभं राहून इंग्रजीत ओळख करून द्यायला लावली. बी.ई., बी.सी.ए., बी.एस्सी. कॉम्प्युटर, बी.ई., बी.ई. माझी पाळी आली तेव्हा ‘कॉमर्स’ म्हणालो आणि मागून कुणीतरी हसलं. माझ्यासारखी आणखी एकच, भोकरदनची एक मुलगी, तीपण कॉमर्सची. आम्ही दोघं तेव्हापासून एकाच बाकावर.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट करा. एन्व्हायर्नमेंट हा विषय मला अकरावीत होता, त्यात प्रकल्पाची वही लिहून पास झालो होतो. इथं त्याचा काय संबंध, हे कळायला दोन दिवस गेले. तोवर ती काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट म्हणतात ती) मला सांगत राहिली की जावासी, म्हणजे जावाचा कोड कंपाइल करणारा, नावाचं कुणी आपल्या ओळखीचं नाही. ते झालं तर म्हणे फाइल सापडत नाही. फाइल तर समोर दिसायली! शेवटी भोकरदनवालीनं पकडलं: नोटपॅडनं सेव्ह करताना नावाच्या शेवटी गुपचूप टीएक्सटी चिकटवलं होतं आणि विंडोजनं ते झाकून ठेवलं होतं. म्हणजे नाव ‘हॅलो डॉट जावा डॉट टीएक्सटी’. अशी लबाडी मोंढ्यात केली असती तर काट्यावरून हाकलून दिलं असतं.

पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन म्हणजे काय, असं विचारलं तर सर म्हणाले, ‘अभी के लिए याद कर लो.’ केलं. हरिपाठासारखं म्हणून दाखवतो.

लॅपटॉप सेकंडहँड आहे, रॅम ४ जीबी. एक्लिप्स (कोड लिहायचं जड सॉफ्टवेअर) उघडायला लावून मी अंघोळ करून येतो. आकड्यांच्या पट्टीवर माझी बोटं न बघता पळतात, दुकानावर माझी पैज लागायची. पण या लॅपटॉपला आकड्यांची पट्टीच नाही. आणि महिरपी कंस! एवढ्या वर्षांत ते बटण मी एकदाही दाबलं नव्हतं. आता दिवसातून शंभरदा दाबायलो.

आता खरं दुखणं. सर फळ्यावर लिहितात, आम्ही उतरवतो, चालवतो, चालतं. सर विचारतात ‘क्लिअर?’ सगळे म्हणतात ‘येस सर’. मीपण म्हणतो. परवा चांदण्यांचा त्रिकोण होता: पहिल्या ओळीत एक, दुसऱ्या ओळीत दोन, असा पाचपर्यंत. माझ्या स्क्रीनवर झकास आला. रात्री खोलीवर येऊन वही बंद केली, नवी फाइल उघडली आणि पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेनपर्यंत गेलो. पुढं काहीच नाही. पाऊण तास तो उभा दांडा टिकटिक करत होता आणि मी त्याच्याकडं बघत होतो. अंगाला घाम. टॅलीत असं कधी झालं नाही, तिथं रकाने आधीच आखलेले असतात. इथं रकानाच नाही.

तिकडं सोयाबीन निघायलंय. काल मालकाचा फोन आला, ‘मुनीम, हंगामापुरता तरी ये, पोराला जमंना.’ पगार पूर्वीचाच देतो म्हणाले.

खोलीतले म्हणतात जावा सोड, पायथन घे, सोपं असतं. एक जण म्हणतो सॉफ्टवेअर टेस्टिंगला जा, तिथं कोडिंग नसतं. मला एवढंच सांगा: १९ दिवसांनी कोरी फाइल बघून डोकं बधिर होणं हे माझंच आहे का सगळ्यांचं होतं? आणि ५ तारखेला काय करू?

---

भोकरचा_पोट्टा

मुनीमजी, आधी टेस्टिंगवाल्या रूममेटला माझा नमस्कार सांगा. मी पुण्यात सात वर्षं टेस्टिंगच करायलो आणि आज सकाळपासून कोडच लिहायलो. तिथं कोडिंग नसतं म्हणणारा माणूस दहा वर्षांपूर्वीची गोष्ट ऐकून आलाय.

सगळ्यांचं होतं. माझं तर दीड महिना चाललं. नांदेडहून पुण्याला आलो तेव्हा मीपण फळा उतरवणारा सुलेखनकारच होतो. फरक कुठं पडला सांगतो. क्लासमध्ये टाइप करणं बंद केलं. सर लिहायचे तेव्हा हात मांडीवर, फक्त बघायचो. तुम्हाला तसंही कॉम्प्युटर मिळत नाही म्हणता, बरंच झालं. खोलीवर जाऊन तेच आठवून लिहायचं. अडलं की वही उघडायची, एक ओळ बघायची, परत बंद. पहिल्या आठवड्यात एका प्रोग्रॅमला रात्रीचा एक वाजायचा. डोळ्यात पाणी यायचं, खोटं का बोलू.

एरर बघून घाबरू नका. चौदा एरर आले तर फक्त पहिला वाचायचा. त्यात ओळीचा नंबर असतो आणि खाली टोपीसारखी एक खूण असते, ती बोट दाखवते. तो एक दुरुस्त करा, परत कंपाइल करा (कोड यंत्राला कळेल असा करून घ्या), चौदाचे तीन होतील. बाकीचे दहा त्याचेच पाहुणे असतात. आणि फाइल वाचता वाचताच संपली अशी तक्रार आली तर कुठंतरी तुमचा लाडका महिरपी कंस बंद करायचा राहिलाय.

एक्लिप्स काढून टाका. ४ जीबीवर त्याचा छळ करू नका. नोटपॅड आणि ती काळी खिडकी, शिकायला एवढं बास.

अजून एक खड्डा आधीच दाखवून ठेवतो, कारण मी त्यात एक अख्खी रात्र घालवली. स्कॅनरनं (कीबोर्डवर टाइप केलेलं वाचणारं जावातलं साधन) आधी आकडा घेतला आणि लगेच पुढच्या ओळीवर नाव मागितलं तर तो नाव मागायला थांबतच नाही, कोरं पुढं निघून जातो. नेक्स्ट-इंट फक्त आकडा उचलतं, तुम्ही दाबलेला एंटर तिथंच पडून राहतो. मग नेक्स्ट-लाइन येतं आणि त्या एंटरलाच तुमचं उत्तर समजून घेऊन जातं. मधे एक रिकामं नेक्स्ट-लाइन टाकलं की झालं. मला वाटलं होतं लॅपटॉप बिघडला. हॉस्टेलवरच्या एकानं तर फॉरमॅट मारायचा सल्ला दिला होता.

भाषा बदलू नका. कोरी फाइल पायथनमध्येपण कोरीच असते.

---

फुकट_शिका

४५ हजार?? यूट्यूबवर सगळं फुकट पडलंय. हे क्लासवाले लुटायला बसलेत. पैसे परत मागा आणि घरी बसून शिका.

---

मुनीम_मानवतकर

@फुकट_शिका भाऊ, घरी बसलो तर सकाळी सातला कुणीतरी ‘जरा मोटर चालू करून ये’ म्हणतं, दहाला ‘बँकेत जायचंय, फॉर्म भरून दे’ आणि बाराला ‘एवढा शिकलाय, मोबाईल हँग होतोय तो बघ’. यूट्यूब फुकट असेल, पण घरी मी फुकट आहे ना.

---

खडू_आणि_कीबोर्ड

मी लातूरला आठ वर्षांपासून हेच शिकवतो, दोन वेगवेगळ्या इन्स्टिट्यूटमध्ये शिकवलंय. त्यामुळे फळ्याच्या पलीकडच्या बाजूनं बोलतो. आवडलं नाही तर सोडून द्या.

तुमचे सर वाईट असतील असं नाही. २८ जणांची बॅच, त्यात वीस जणांनी कॉलेजात सी नाहीतर सी प्लस प्लस एकदा तरी बघितलेलं असतं. सर त्या वीस जणांच्या चालीनं चालतात. ‘क्लिअर?’ हा प्रश्न नसतो हो, तो स्वल्पविराम असतो. मीपण दिवसातून पन्नासदा म्हणतो. त्यावर ‘नाही सर’ असं आठ वर्षांत फार तर दहा जणांनी म्हटलं असेल, आणि दर वेळी त्यांच्यामागं लपलेल्या पंधरा जणांनी सुटकेचा श्वास टाकलेला मी ऐकलाय. एकदा म्हणून बघा. आपल्याकडं पाठांतरावर बारावी निघते, प्रोग्रॅमिंग निघत नाही, हे लातुरात बसून बोलायला छाती लागते.

चांदण्या शिकवतात कारण मुलाखतीत विचारतात. त्यानं पोट भरत नाही. पण तुम्ही मोंढ्यातले आहात म्हणून सांगतो: ती पोत्यांची थप्पी समजा. लूप म्हणजे तेच काम परत परत करायला लावणारा फेरा. बाहेरचा लूप म्हणजे कितवा थर लावायलोय. आतला लूप म्हणजे त्या थरात एकामागं एक ठेवायची पोती. थर पूर्ण झाला की हमाल सरळ होतो आणि पुढचा थर धरतो. ते सरळ होणं म्हणजे ओळ बदलणं. फक्त ही थप्पी उलटी, एका पोत्यापासून रुंद होत जाणारी. खऱ्या गोदामात कोसळेल, स्क्रीनवर चालते.

आता कोरी फाइल. तुम्हाला काय लिहायचं ते माहीत नसतं म्हणून ती कोरी राहते. जावा येत नाही हे नंतरचं. चांदण्यांचा त्रिकोण तुमच्या आयुष्यात कधी कुणाला लागला? हिशोबपट्टी मात्र तुम्ही हजारोंनी लिहिल्यात. मग तीच लिहा. आधी कागदावर, मराठीत: काय विचारायचं, कशाला कशानं गुणायचं, काय वजा करायचं, काय छापायचं. मग एकेका ओळीला जावाचा अंगरखा घाला.

यात कमीपणा वाटत असेल तर ज्या टॅलीवर तुम्ही सहा वर्षं बसलात तिचीच गोष्ट घ्या. श्यामसुंदर गोएंका हे व्यापारी, कारखान्यांना आणि कापडगिरण्यांना माल पुरवणारे. आपल्या धंद्याचा हिशोब नीट ठेवील असं सॉफ्टवेअर त्यांना मिळेना, म्हणून त्यांच्या मुलानं, भारत गोएंकांनी, ते स्वतः लिहिलं. भारत हे गणिताचे पदवीधर. १९८६ ला कंपनी निघाली, २०२० ला त्यांना पद्मश्री मिळाली. सुरुवात हिशोबाच्या अडचणीपासून झाली. ती अडचण तुमच्याकडं आयती आहे, तुमच्या मागं बसून हसणाऱ्या बी.ई.कडं नाही.

चलांची नावंसुद्धा मराठीत ठेवली तरी जावाला चालतात: किलो, भाव, हमाली, सरळ देवनागरीत. आकडे मात्र इंग्रजीच लागतात. जेडीके (जावाचं किट) १८ च्या आधीचं असेल तर विंडोजवर कंपाइल करताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ-८ आहे असं सांगावं लागतं, नाहीतर वेडंवाकडं काहीतरी येतं. नोकरीत कुणी असं लिहीत नाही, पण पहिल्या महिन्यात दोन ओझी एकदम कशाला उचलायची?

५ तारखेचं. हप्ता भरायच्या आधी तीन कामं करा. पाचव्या महिन्यातल्या बॅचमधल्या दोघांना गाठा आणि त्यांनी स्वतः लिहिलेलं काय आहे ते दाखवा म्हणा. ‘सरांचा प्रोजेक्ट’ दाखवला तर समजून जा. दुसरं, बॅच रिपीट करता येते का आणि फुकट येते का, ते विचारा आणि पावतीवर लिहून घ्या. बहुतेक ठिकाणी हो म्हणतात, लिहून द्यायला कां-कूं करतात. तिसरं, ‘१०० टक्के प्लेसमेंट’ असं बोर्डावर असेल तर त्याच्या पुढचा बारीक शब्द वाचा. ‘असिस्टन्स’ असेल तर त्याचा अर्थ व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिराती टाकणार, एवढाच. मी स्वतः टाकतो, म्हणून माहीत.

---

मुनीम_मानवतकर

चार दिवसांनी येतोय. माफी असावी.

सर, कागदावर लिहिलं. वीस मिनिटं लागली. हे मला येतंय की राव, असं झालं. मग एकेक ओळ जावात. पूर्ण दोन रात्री गेल्या, पण फळा न बघता गेल्या. भोकरवाल्या भाऊंचा खड्डा तंतोतंत लागला: मी आधी किलो विचारले, मग शेतकऱ्याचं नाव, आणि पट्टीवर नाव कोरं! पण ओळखीचा खड्डा होता, दोन मिनिटांत बाहेर.

आता चाललं आणि माझी झोप गेली. ऐका. माल १२ क्विंटल ३५ किलो, म्हणजे १२३५ किलो. भाव समजा ४३००. तोंडी हिशोब ५३,१०५ होतो, हमालीच्या आधी. जावा म्हणतं ५१,६००. मी तीनदा कॅल्क्युलेटरवर केलं. दीड हजार रुपये आणि वर पाच, गायब! एरर नाही, तक्रार नाही, छातीठोक चुकीचा आकडा. याला आमच्याकडं मापात पाप म्हणतात. शेतकऱ्यानं ही पट्टी बघितली असती तर मोंढा बंद पाडला असता.

किलो भागिले १०० गुणिले भाव, एवढंच लिहिलंय. काय चुकलं? भोकरदनवालीलापण कळेना. सरांना उद्या विचारणार, पण आज रात्र कशी काढू?

---

जालन्याची_लेक

मुनीमदादा, १५०५ ला ४३०० नं भागा. ०.३५ येतं. तुमचे वरचे ३५ किलोच जावानं खाल्लेत, दुसरं काही नाही.

तुम्ही किलो हा इंट (पूर्णांकाचा प्रकार) घेतला असणार आणि १०० हासुद्धा पूर्णांक. दोन पूर्णांकांचा भागाकार जावा पूर्णांकातच देतं, उरलेलं टाकून देतं. गोल करत नाही, कापतं. १२३५ भागिले १०० म्हणजे १२, संपलं. मग १२ गुणिले ४३००, ५१,६००. भाव दशांशात घेतलात तरी उपयोग नाही, कारण भागाकार आधी उरकलेला असतो. १०० च्या जागी १००.० लिहा, ३५ किलो परत येतील. किंवा आधी गुणा, मग भागा.

पण आधी गुणणार असाल तर एक गोष्ट. मी शेंद्र्याला एका कारखान्यात ईआरपीवर (सगळा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर) आहे, तिथं आम्ही हे भोगलंय. इंटमध्ये २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ च्या वर आकडा बसत नाही. एका पट्टीला काही होणार नाही. पण तुमच्या मालकाच्या हंगामाची बेरीज ४,९९४ क्विंटलच्या पुढं गेली आणि तुम्ही किलोला ४३०० नं गुणलंत, की आकडा उलटून थेट उणे होईल. तेव्हाही एरर येणार नाही. त्याला लाँग घ्या, त्यात खूप मोठे पूर्णांक बसतात.

आणि पैसे डबलमध्ये (दशांश आकड्यांचा प्रकार) ठेवायची सवय लावू नका. जावाला ०.१ अधिक ०.२ विचारून बघा, ०.३ च्या शेवटी लांब शेपटी लावून एक ४ येईल. बायनरीत ०.१ नेमका लिहिताच येत नाही, आपल्याला दशांशात एकतृतीयांश लिहिता येत नाही तसं. रुपयांऐवजी पैसे धरा आणि लाँगमध्ये ठेवा, नाहीतर बिगडेसिमल शिका, ते दशांश नेमके ठेवतं. तेही हळूहळू, आजच नको.

एक सांगू का? आमच्याकडं गेल्या वर्षी दोन फ्रेशर आले होते, चांगल्या कॉलेजचे. अगदी हीच चूक केली. प्रोग्रॅम चालला म्हणून खूश होते, उत्तर बघितलंच नव्हतं. तुम्ही तोंडी हिशोब केलात म्हणून सापडलं. झोपा आता.

---

मुनीम_मानवतकर

ताई, १००.० टाकलं. ५३,१०५. रात्री दीड वाजता मी खोलीत मोठ्यानं ‘आले!’ म्हणालो, एक एमपीएससीवाला दचकून उठला. त्याला वाटलं नळाला पाणी आलं. बादली घेऊन बाहेर गेला बिचारा.

५ तारीख झाली, म्हणून शेवटचं सांगून टाकतो. पाचव्या महिन्यातल्या तिघांना भेटलो. दोघांकडं एकच प्रोजेक्ट होता, रंगसुद्धा तेच. तिसऱ्यानं गावातल्या पतसंस्थेसाठी काहीतरी स्वतः केलेलं दाखवलं, अर्धवट होतं पण त्याचं होतं. त्यानं सांगितलं की सरांना क्लास सुटल्यावर गाठलं तर ते अर्धा-अर्धा तास बसतात, फक्त कुणी गाठत नाही. रिपीट बॅचचं ऑफिसातल्या मॅडम लिहून द्यायला तयार नव्हत्या. मी म्हणालो, मॅडम, सहा वर्षं पावत्या फाडल्यात, तोंडी बोलीवर मी पोतंसुद्धा उचलू देत नाही. पावतीच्या मागं लिहून सही करून दिली. हप्ता भरला, पण १५ चे साडेसात आत्ता, साडेसात महिनाअखेरीला. तेही लिहून घेतलं.

वर्गात परवा ‘क्लिअर?’ आलं तेव्हा मी ‘नाही सर’ म्हणालो. खडूवाले सर, तुमची शपथ, मागून खरंच हुश्श ऐकू आलं. हसणारा होता ना पहिल्या दिवशीचा, त्याचंपण. सरांनी अॅरे (एका नावाखाली ठेवलेली आकड्यांची रांग) परत पहिल्यापासून घेतला. नंतर हिशोबपट्टी दाखवली त्यांना. त्यांनी कोड बघितला, मग विचारलं, ‘हमाली मतलब?’ मग मी त्यांना शिकवलं पंधरा मिनिटं. भोकरदनवाली आता तिच्या बापाच्या दुधाचं गणित लिहायलीय, फॅटप्रमाणं भाव. तिचं माझ्यापेक्षा अवघड आहे.

मालकाला फोन करून सांगितलं, शनिवार-रविवार येतो, हंगामभर. ते ‘बघू’ म्हणाले. मग मी त्यांना पट्टीचा फोटो पाठवला, स्क्रीनचाच काढून. नाव, माल, भाव, रक्कम, हमाली वजा, निव्वळ देणं. छान ओळीत आलंय सगळं. मनात म्हटलं आता काहीतरी चांगलं बोलतील.

तासाभरानं उत्तर आलं. तीन शब्द. ‘उचल कुठंय वजा?’

सहा वर्षं मी तो रकाना भरला आणि विसरलो! टॅलीत नाव टाकलं की ज्याच्या-त्याच्या खात्यावर आपोआप दिसायची ना, म्हणून. इथं तर माझा प्रोग्रॅम बंद केला की शेतकऱ्याचं नावपण विसरतो, उचल कुठून लक्षात ठेवील? पेरणीला नेलेले पैसे सोयाबीन निघाल्यावर वजा करायचे, म्हणजे चार महिने कुठंतरी लिहून ठेवावं लागणार. सर म्हणतात डेटाबेस चौथ्या महिन्यात आहे. मला शनिवारपर्यंत पाहिजे.

जालन्याच्या ताई, साध्या फाइलमध्ये लिहून ठेवून परत वाचता येतं का? कुठून सुरू करू?